फोन नसलेली नावं

आमच्या घरी जेवताना रक्ताच्या गोष्टी चालायच्या. नवीन पाहुण्याचा घास हातातच राहायचा, पण आम्हाला त्याचं काही वाटत नसे. बाबा वर्ध्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या रक्तपेढीत मदतनीस होते. रक्त द्यायला आलेल्या माणसाला खाटेवर निजवायचं, त्याच्या मुठीत रबरी चेंडू द्यायचा, सुई टोचताना त्याला गप्पांत गुंतवायचं आणि नंतर चहा-बिस्किट देऊन दहा मिनिटं बसवून ठेवायचं, हे त्यांचं काम. त्या दहा मिनिटांत ते माणसाची सगळी चौकशी करत. नाव काय, गाव कोणतं, शेजारीपाजारी कोणाकडे फोन आहे का, पुन्हा कधी गरज पडली तर याल का? बहुतेक जण ‘येऊ ना’ म्हणत. मग संध्याकाळी बोरगाव मेघ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, ओट्यावर बसून बाबा ती माहिती आपल्या लांबट वहीत उतरवून काढत. दवाखान्याचं रजिस्टर वेगळं होतं. ही वही त्यांची स्वतःची होती.

लिहिताना त्यांना मोठ्याने बोलायची सवय होती. “गुणवंत, सेलू, बी पॉझिटिव्ह,” असं ते म्हणत आणि आत चुलीपाशी आईचा भाकरी थापण्याचा आवाज एकदम थांबे. “ह्या गुणवंतानं पोळ्याच्या वक्ती देल्लं होतं ना? इतक्या लवकर काऊन घेतलं त्याचं?” बाबा बोटांवर महिने मोजत, तीन महिने पुरे झाल्याची खात्री करून घेत आणि म्हणत, “झाले व तीन महिने.” मग भाकर पुन्हा थापली जायची. आई अंगणवाडीत मदतनीस होती, मुलांची खिचडी शिजवायची. तिला अक्षरओळख नव्हती. सही लागली की अंगठा लावायची आणि नंतर पदराने शाई पुसत बसायची. पण बाबांच्या वहीतली माणसं तिला गावासकट, नात्यागोत्यासकट ठाऊक होती. त्यातल्या दहा-पाच जणांनाही तिने प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

ज्यांना रक्त लागायचं त्यांचे नातेवाईक थेट आमच्या दारात येत. आई आधी पाणी देई, मग आंबाडीची भाजी आणि भाकर पुढे करी. “पयले खा. उपाशी माणसाले कोणी काई देत नाई,” असं ती काहीतरी बोलायची. तेवढ्यात बाबा वही उघडून बोट फिरवत. वही नावांच्या क्रमाने नव्हती, गटांच्याही नव्हती. जसजशी माणसं येत गेली तसतशी ती भरत गेली होती. त्यामुळे एखादा दुर्मीळ गट शोधायचा तर पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागे. आलेला माणूस खाता खाता बाबांच्या बोटाकडे बघत राही. ते बघणं मला सहन व्हायचं नाही. कम्प्युटरचं वेड मला लागलं त्याचं कारण पुढे लोकांनी पुष्कळदा विचारलं. खरं कारण तेवढंच आहे.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना मी किशोर सरांच्या क्लासला जाऊ लागले. सरांचं घराणं कापडाच्या धंद्यातलं. खाली दुकान आणि वरच्या माडीवर त्यांनी तीन कम्प्युटर मांडलेले. वडिलांना ते काही फारसं पसंत नव्हतं, पण बोलायचे नाहीत. वर आम्ही सी भाषेचे धडे गिरवायचो आणि खालून कापड फाडल्याचा चर्र आवाज यायचा. चपला जिन्याखाली काढाव्या लागत. दर तासाला सरांची आई स्टीलच्या थाळीत चहाचे कप घेऊन वर यायची आणि “कम्प्युटरवर सांडू नका हं” असं मारवाडी वळणाच्या मराठीत बजावायची. आजही कुठे कोरं कापड फाडल्याचा आवाज आला की माझ्या डोळ्यांसमोर काळा पडदा आणि त्यावरची पांढरी अक्षरं येतात.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रोग्रॅम करून दाखवायचा होता. मी म्हटलं, बाबांची वही करते. सर म्हणाले, “छान आहे. पण आधी टायपिंग. ते कोणी करून देणार नाही.” मग दीड-दोन महिने मी रोज दुपारी वही मांडीवर घेऊन ती कम्प्युटरात भरत राहिले. मराठी लिहायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत. एका माणसाची एक ओळ. आधी नाव, मग गाव, मग फोन, मग रक्तगट आणि शेवटी रक्त दिल्याची तारीख. प्रत्येक गोष्टीनंतर टॅबची कळ दाबायची. टॅब दिसत नाही, नुसती मोकळी जागा दिसते. पण प्रोग्रॅमला त्या खुणेवरून कळतं की एक गोष्ट संपली, आता दुसरी सुरू. फोन नसेल तिथे मी काहीच न लिहिता पुन्हा टॅब दाबून पुढे जायची. तेव्हा फोन होते तरी कोणाकडे! शेजाऱ्यांचे नंबर धरूनही दर तीन-चार नावांमागे एक जागा अशी मोकळी.

प्रोग्रॅम सोपा होता. रक्तगट विचारायचा, फाईलमधली एकेक ओळ घ्यायची, टॅबच्या जागी तिचे तुकडे पाडायचे, चौथा तुकडा विचारलेल्या गटाशी जुळला की ती ओळ पडद्यावर दाखवायची. तुकडे पाडण्यासाठी पुस्तकात एक तयार फंक्शन दिलेलं होतं. मी तेच वापरलं. पहिल्यांदा ‘बी पॉझिटिव्ह’ टाकून बटण दाबलं आणि नावांची रांग सरसर खाली उतरली तेव्हा मी खुर्चीतच उडी मारली. सरांनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा धुतलेला पायजमा-सदरा घालून आले, जिन्याखाली चपला नीट जोडून ठेवल्या आणि पडद्यापासून चार हात लांब उभे राहिले.

“भल्लं लवकर सांगते हो हे,” ते म्हणाले.

“आता वहीची गरज नाही बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “वही राहू दे. ते काई खात नाई, पेत नाई.”

सरांच्या दुकानात फोन असल्यामुळे रक्तपेढीतले लोक तिथे फोन करू लागले. मी क्लासमध्ये असले की यादी काढून द्यायची, नसले की सर. बाबांच्या वहीत नवं नाव किंवा नवी तारीख चढली की मी ती फाईलमध्येही भरायची. काही महिने असे छान गेले. नातेवाईक मला ‘मॅडम’ म्हणायचे. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला ते फार आवडायचं, हे कबूल करते.

दिवाळी नुकतीच झाली होती. बाबा आष्टीला गेले होते, मामेभावाच्या मुलीची सोयरीक होती म्हणून. सकाळी नऊच्या सुमारास पुलगावकडचा एक माणूस आमच्या दारात आला. देवराव त्याचं नाव. पायात चपला नव्हत्या, दवाखान्यातच कुठेतरी विसरला होता. पहाटे त्याची बायको बाळंत झाली होती. मुलगी झाली, मुलगी चांगली होती, पण बायकोचं रक्त जाणं थांबत नव्हतं. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत होती ती एक बाटली लावली होती, आणखी लागणार होती. मी त्याला सायकलवर मागे बसवून क्लासला नेलं. सरांनी नुकताच कूलर पुसून झाकला होता. मी गट टाकला. पडद्यावर दोन नावं आली. पहिल्याने तीन आठवड्यांपूर्वीच रक्त दिलेलं. दुसऱ्याला सरांनी फोन लावला, तर तो बदली होऊन पुण्याला गेलेला.

“अजून?” देवरावाने विचारलं.

“अजून नाहीत,” मी म्हटलं. “दोनच आहेत.”

त्याने वाद घातला नाही. मशीन सांगते म्हणजे खरंच नसणार, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. “बरं मॅडम,” म्हणाला आणि जिना उतरून गेला. सर नागपूरच्या ओळखीच्या लोकांना फोन लावत बसले. मी थोडा वेळ थांबले आणि करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून घरी आले.

आई अंगणवाडीतून आली होती आणि पातेलं घासत होती. मी तिला झालेलं सांगितलं. तिने हात थांबवला.

“अन् जामचा शंकर?”

“कोण शंकर?”

“चहावाला. चौकात दुकान हाय त्याचं. सासऱ्याच्या आपरेशनच्या वक्ती रक्त देल्लं होतं त्यानं. त्याचं ओ निगेटिवच हाय. तुह्या बाबानं लिहिताना म्हटलं होतं, हे रक्त गंज कमी लोकाईचं राह्यते म्हून.”

“आई, कम्प्युटरमध्ये नाही ते नाव.”

“तुह्या मशीनले माईत नसन,” ती म्हणाली. “मले माईत हाय.”

मला राग आला, तो राग आज आठवला तरी कानशिलं तापतात. मी महिनोन् महिने खपून केलेलं काम आणि जिला स्वतःचं नाव वाचता येत नाही ती मला सांगत होती. पण तिने माझ्याशी वाद घातलाच नाही. हात पुसले, पेटी उघडली, लुगड्यांच्या खालून वही काढली आणि माझ्या पुढ्यात टाकली. “पाय. मांगच्या उन्हाळ्यात असन.” मी उन्हाळ्याची पानं उलटली. तिसऱ्या पानावर बाबांच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: शंकर, जाम, चौकात चहाचे दुकान, ओ निगेटिव्ह. फोनच्या जागी काही नव्हतं. वहीत त्या ओळीपुढे मी स्वतःच पेन्सिलीने बरोबरची खूण केली होती. म्हणजे टाईप केलेलं होतं.

ते नाव कुठे गेलं याचा विचार करायला वेळ नव्हता. मी सायकल दामटत क्लासला गेले. सरांनी वही पाहिली, खाली जाऊन वडिलांना काहीतरी सांगितलं आणि स्कूटर काढली. हमरस्त्यावरच्या जाम गावातल्या एसटीडी बूथचा नंबर आम्हा कोणाकडेच नव्हता, तेव्हा जाण्यावाचून इलाज नव्हता. तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बाया ओळीने वाकलेल्या. स्कूटरवर मागे बसून मी सगळा वेळ मनात एकच घोकत होते, दुकान उघडं असू दे, माणूस जागेवर असू दे.

जामच्या चौकात ट्रकांची रांग लागलेली होती. शंकररावांना शोधावं लागलं नाही. एका टपरीपुढे पन्नाशीचा, काटकुळा माणूस कढईत आलूबोंडे सोडत होता. मी बाबांचं नाव घेतलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

“माहं नाव हाय ना त्याईच्या वहीत?” त्यांनी विचारलं.

“आहे काका.”

“मले वाटलं होतं, कदी बलावतीन.” त्यांनी झारा बायकोच्या हातात दिला. “शेवंता, मी वर्ध्याले जाऊन येतो. बोंडे काढून घे.” आणि हात टॉवेलला पुसत सरांच्या मागे बसलेसुद्धा.

स्कूटरवर दोघंच बसू शकत होते. मी टपरीवर राहिले. पुढची एसटी केव्हा येईल हे कोणाला सांगता येत नव्हतं आणि निरोप आल्याशिवाय माझा पाय तिथून निघालाही नसता. शेवंताबाईंनी मला लाकडी बाकावर बसवलं, तर्री घातलेले पोहे पुढे ठेवले. पण गिऱ्हाइकांची गर्दी वाढली तशी मी उठले आणि ग्लास विसळायला लागले, मग चहा गाळायला. पंजाबी, तेलुगू, हिंदी बोलणारे ड्रायव्हर, त्यांच्या ट्रकांच्या इंजिनांची घरघर, स्टोव्हचा सूं सूं आवाज, आणि त्यात मी चहा गाळते आहे. दोन-तीनदा चहा ओतू गेला, तसं शेवंताबाईंनी फडकं पुढे सरकवलं.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “वहीत नाव होतं म्हणते तू. मंग मशीनमंदी काऊन नोयतं?”

“काय झालं कळत नाही मावशी. मीच लिहिलं होतं. एका ओळीत पाच गोष्टी लिहायच्या. नाव, गाव, फोन...”

“फोन कुठला व आमच्या घरी?”

“हो ना, म्हणून ती जागा मी मोकळी सोडली, आणि पुढे...” मी बोलता बोलता थांबले. गाळणी हातातच राहिली.

“फोन नाई म्हून नाव वगळलं का मंग?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. एखादी गोष्ट माहीत करून घ्यावी तसं विचारलं होतं.

“वगळलं नाही मावशी,” मी म्हटलं. पण झालं होतं तेच. मी फोनची जागा मोकळी सोडून दोनदा टॅब दाबला होता, आणि पुस्तकातलं ते तयार फंक्शन लागोपाठ आलेले दोन टॅब एकच समजत होतं. मधली मोकळी जागा त्याच्या लेखी नव्हतीच. त्यामुळे शंकररावांचा रक्तगट सरकून फोनच्या जागी बसला आणि रक्तगटाच्या जागी तारीख आली. मी ओ निगेटिव्ह शोधायला सांगितलं, प्रोग्रॅमने ते तारखेशी ताडून पाहिलं आणि नाव टाकून दिलं. ज्याच्या ज्याच्या घरी फोन नव्हता, शेजारीही नव्हता, तो प्रत्येक माणूस असा गळाला होता. बी पॉझिटिव्हची रांग इतकी लांब यायची की त्यातली माणसं कमी आहेत हे कोणाच्या लक्षात येणार? आणि मी फक्त आलेली नावं पाहत होते. न आलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

मला रडू आलं. शेवंताबाईंना वाटलं, मी त्या बाळंतिणीसाठी रडते आहे, आणि तेही खोटं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातली गाळणी काढून घेतली आणि पाठीवर हात ठेवला. “याईचं रक्त पोचलं असन आता. निंगाले तवाच दुपार होती. पोचलं असन,” त्या म्हणाल्या.

दिवेलागणीच्या आधी स्कूटर परत आली. शंकरराव उतरले, दंडावर कापसाचा बोळा तसाच चिकटलेला. सर म्हणाले, “रक्त जुळलं. बाटली लावली. रक्त जाणं कमी झालंय असं डॉक्टर म्हणाले, बाई बोलते आहे.” नागपूरहूनही सरांच्या ओळखीच्या एकाने रक्त द्यायला निघत असल्याचा निरोप ठेवला होता. देवरावाने शंकररावांचे पाय धरले आणि शंकरराव कसे गोंधळून गेले, हेही सरांनी सांगितलं. शंकरराव मात्र कढईतल्या थंड तेलाकडे पाहत बायकोला विचारत होते, “किती बोंडे राह्यले?” मी त्यांना म्हटलं, काका, तुमचं नाव माझ्या चुकीने सापडत नव्हतं. ते म्हणाले, “सापडलं ना आता? मंग काऊन रडून राह्यली? येत जाजो इकडं आलीस तं.”

बाबा तिसऱ्या दिवशी आष्टीहून आले, संत्र्यांची पिशवी घेऊन. मी दारातच सगळं सांगून टाकलं, काही राखून ठेवलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि आधी विचारलं, “देवरावची बायको कशी हाय?” मी म्हटलं, काल तरी बरी होती. ते हातपाय न धुता तसेच दवाखान्यात गेले. दोन संत्री तेवढी घेऊन गेले. तासाभराने आले, जेवायला बसले आणि म्हणाले, “बरी हाय. पोरीले दूध पाजून राह्यली. आता सांग, ते चूक तुले कशी सापडली?” मी टॅबचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मधेमधे प्रश्न विचारले, भाकर मोडायची विसरले. रागावतील म्हणून मी जो जीव मुठीत धरून होते, त्याचं काही कामच पडलं नाही. बाबांनी मला आयुष्यात पुष्कळ दिलं, पण त्या दुपारी त्यांनी माझी चूक ज्या कुतूहलाने ऐकून घेतली, त्याच्या तोलाचं दुसरं काही मला आठवत नाही.

सरांनी आणि मी पहिल्यांदाच सबंध यादी छापून काढली. प्रिंटर करकरत राहिला आणि कागदावर चूक उघडी पडलेली दिसली, फोनच्या खाली रक्तगट, रक्तगटाखाली तारखा. “मीही उत्तरच पाहत होतो. यादी मीसुद्धा पाहिली नाही,” सर म्हणाले. चुकीत वाटेकरी होणारा मास्तर मला एकोणिसाव्या वर्षी मिळाला, हे माझं नशीब. तयार फंक्शन काढून टाकून मी एकेक अक्षर वाचत जाणारं फंक्शन स्वतः लिहिलं. टॅब आला की एक जागा संपली, मग तिच्यात काही असो की नसो. पाच-सात ओळींचं काम होतं. ओ निगेटिव्हच्या दोन नावांची पाच झाली. पुढे नागपुरात मी दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिण्यातच नोकरीची बरीच वर्षं काढली. अजूनही कोणी नवी फाईल दिली की मी आधी त्यातल्या मोकळ्या जागा शोधते. हाताखालच्या मुलामुलींना याचं कारण मी सांगते, तेव्हा त्यांना जामच्या चौकातल्या टपरीपर्यंत घेऊन जावंच लागतं.

हे सगळं झाल्यावर आई एका रविवारी म्हणाली, “मले दाखव ते मशीन.” ती त्या माडीवर कधी आली नव्हती. विहारात जायची पांढरी साडी नेसून आली. सरांनी तिला गादीची खुर्ची दिली, ती तिच्या टोकावर बसली. पडद्यावरची अक्षरं तिच्या काही उपयोगाची नव्हती, म्हणून तिने मला पहिल्यापासून वाचायला सांगितलं. मी वाचू लागले. नाव, गाव, गट. सात-आठ नावांनंतर तिने हात वर केला.

“थांब. हा वायफडचा किसना ना? याचं नाव काढ. याले कावीळ झालती. याचं रक्त घेत नाई आता.”

बाबा मागे वही घेऊन उभे होते. त्यांनी वहीत पाहिलं. तिथे तसं काही लिहिलेलं नव्हतं. “सांगतलं होतं मी?” त्यांनी विचारलं.

“सांगतलं होतं. लिहिलं नसन तुमी.”

मी नाव काढलं. पुढे एक मुलगी लग्न होऊन कारंज्याला गेली होती, ते गाव बदललं. हिंगणघाटच्या एकाच्या भावाने फोन घेतला होता, बाबांनी त्याचा नंबर आणून टाकायचं कबूल केलं. एक म्हातारा वारला होता. त्याचं नाव मी काढताना आई क्षणभर हात जोडून बसली आणि मग मान हलवली. खाली दुकान रविवारचं बंद होतं, त्यामुळे माडीवर फक्त माझा वाचण्याचा आणि बाबांच्या पेन्सिलीचा आवाज. सरांच्या आईने चहा आणला. आईने तो बशीत ओतला, एक घोट घेतला आणि पडद्याकडे बोट केलं.

“वाच पुढं,” ती म्हणाली.